झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: आरएफ टाळून कंपोझिट व्हिडिओ, नुसता कपॅसिटर पुरतो का?

तारयंत्री

मशीन म्हणजे ऐंशीच्या दशकातला झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक: रबरी बटणांचं, ४८के, बोर्डावर इश्यू टू (बोर्डाची दुसरी आवृत्ती) छापलेलं. यूएलए (चित्र तयार करणारी मुख्य चिप) ५सी११२ई. मशीन धडधाकट आहे, ॲनालॉग टीव्हीवर यूएचएफ चॅनल ३६ ला रंगीत चित्र येतं. आता लावायचं आहे ते अशा टीव्हीला ज्यात ॲनालॉग ट्यूनर नाही, पिवळं एव्ही इनपुट तेवढं आहे. म्हणजे मॉड्युलेटरला (चित्राचा सिग्नल टीव्ही चॅनलवर, म्हणजे आरएफवर चढवणारी डबी) वळसा घालणं आलं.

विचारायचं आहे ते असं:

मॉड्युलेटरच्या डबीत बोर्डाकडून दोन तारा जातात. त्यातली व्हिडिओची कोणती हे खात्रीने कसं ओळखायचं?

मध्ये कपॅसिटर घालावा की तार सरळ जोडावी? घालायचा तर किती? १०, १०० आणि २२० मायक्रोफॅरड असे तीनही आकडे वाचनात आले.

ट्रान्झिस्टरचा बफर (सिग्नलला टीव्हीचा भार पेलायची ताकद देणारा टप्पा) लागतोच का?

आणि उद्या पूर्ववत करायचं ठरलं तर करता येईल अशी पद्धत हवी. मल्टिमीटर आणि तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न आहे, ऑसिलोस्कोप नाही.

---

डाखकाम

पूर्ववत करता येतं, अगदी मागमूस न ठेवता. फक्त मॉड्युलेटर उपटायचा मोह टाळा. त्याची डबी चार-पाच कानांनी ग्राउंडला भरभक्कम डाखलेली असते, ती काढताना बोर्डावरचं तांबं सोबत येतं. डबी जागेवर राहू द्या, तिचं सॉकेटही तेच वापरायचं आहे.

खालचे पाच स्क्रू काढून वरचं झाकण हळूच उचला. कीबोर्डाच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच वाहकांची आणि एक आठ वाहकांची. त्या सरळ वर ओढायच्या, वाकवून नाही. इतक्या वर्षांत त्यांचं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं आणि घडी पडली की वाहक तिथेच तुटतो. निम्म्या लोकांचं मशीन व्हिडिओच्या कामात नाही, इथे बिघडतं.

आता तारा. ओळखण्यासाठी रंगावर किंवा फोटोवर विसंबू नका. मशीन चालू करा, मल्टिमीटरचं काळं टोक डबीच्या पत्र्याला, लाल टोक आळीपाळीने दोन्ही तारांना. एकीवर ठाम ५ व्होल्टच्या आसपास मिळेल, ती मॉड्युलेटरची वीज. दुसरीवर त्याहून कमी काहीतरी दिसेल आणि स्क्रीनवर बॉर्डरचा रंग काळ्यावरून पांढरा केला की आकडा हलेल. ती व्हिडिओची. मीटर सरासरी दाखवतो म्हणून आकडा हलतो, नेमका किती याला महत्त्व नाही.

मशीन बंद, ॲडॅप्टर काढलेला. डबीचं झाकण बोटांनी किंवा पातळ पात्याने उचकटा. आत सॉकेटच्या मधल्या पिनेला आरएफ सर्किटमधून एक रेझिस्टर किंवा तार आलेली असते. तिचं फक्त पिनेकडचं टोक सोडवा आणि बाजूला वळवून ठेवा. मग बाहेरच्या बाजूने दोन्ही तारा डबीपासून सोडवा. ५ व्होल्टच्या तारेच्या टोकावर हीट श्रिंक चढवून ती दुमडून ठेवा. ही तार जोडलेलीच राहिली तरी चित्र येईल, पण मॉड्युलेटरचा ऑसिलेटर आत फिरत राहतो आणि त्याची जाळीसारखी नक्षी चित्रात उमटते. त्यामुळे वीज तोडायचीच.

व्हिडिओच्या तारेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं अधिक टोक, उणे टोक सॉकेटच्या मधल्या पिनेला. १६ व्होल्टचा कपॅसिटर पुष्कळ झाला. डबीच्या आत मावतो, पायांवर स्लीव्ह घाला म्हणजे पत्र्याला टेकणार नाहीत. झाकण बंद.

आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा, एका जागी तीन सेकंदांहून जास्त नाही. या बोर्डाचे पॅड उष्णतेने पटकन सुटतात. डबीच्या पत्र्याशी काही डाखायचं असेल तर तिथे उष्णता जास्त लागते, त्यासाठी जाड टोक वापरा, तापमान वाढवू नका.

आवाजाचं काय, असा प्रश्न पुढे येईल म्हणून आत्ताच: ४८के चा आवाज आतल्या बीपरमधूनच येतो, आरएफमध्ये नसतोच. म्हणजे काही गमावत नाही.

---

पंचाहत्तर_ओहम

पायऱ्या बरोबर, पण नुसत्या कपॅसिटरवर काम भागवू नये असं माझं मत आहे. टीव्हीचं इनपुट ७५ ओहम असतं. मॉड्युलेटरचं इनपुट त्या मानाने किती तरी हलकं. बफर न घालता ७५ ओहम गळ्यात बांधले की सिग्नल बसतो, चित्र काळवंडतं, सिंक (चित्र जागेवर धरणारा इशारा) उथळ होतं.

एक एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या, बीसी५४७ चालेल. कलेक्टर ५ व्होल्टला (मॉड्युलेटरची सोडवलेली तार आयतीच आहे), बेस व्हिडिओच्या तारेला, एमिटरपासून ग्राउंडला १०० ओहम आणि एमिटरवरूनच आउटपुट. तीन टाके, दोन भाग.

---

क्रोमा४४३

पंचाहत्तर_ओहम, हा सल्ला झेडएक्स८१ (स्पेक्ट्रमच्या आधीचा संगणक) साठी सोळा आणे खरा आहे. तिथे यूएलएची पिन जवळपास थेट मॉड्युलेटरला जाते आणि ती ७५ ओहम ओढू शकत नाही. स्पेक्ट्रममध्ये परिस्थिती वेगळी.

स्पेक्ट्रमचा यूएलए तीन सिग्नल बाहेर देतो: वाय (उजेड), यू आणि व्ही (रंगाचे दोन भाग). यू आणि व्ही जातात आयसी१४ कडे, म्हणजे एलएम१८८९एन. तो त्यांना ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर (रंग वाहून नेणारी लहर) बसवून क्रोमा, म्हणजे रंगाचा सिग्नल, तयार करतो. वाय टीआर१ मधून येतो. क्रोमा आणि वाय यांची गाठ पडते टीआर२ च्या बेसवर आणि टीआर२ हा बफरच आहे. मॉड्युलेटरकडे जाणारी तार टीआर२ च्या पुढची. म्हणजे तुम्ही सुचवलेला ट्रान्झिस्टर बोर्डावर १९८२ पासून बसलेला आहे. त्यापुढे आणखी एक लावला तर चित्र बिघडणार नाही, पण ०.७ व्होल्टचा एक उतार वाढतो आणि पातळी खाली असेल तर सिंकचं टोक कापलं जाण्याची भीती असते. आधी नुसता कपॅसिटर लावून पाहावा. चित्र फिकट वाटलं तर टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघावा. सिंक तुटत असेल, चित्राचा वरचा भाग वाकत असेल, तरच बफरकडे वळावं.

आता कपॅसिटर कशाला आणि किती. टीआर२ नंतरच्या सिग्नलवर स्थिर डीसी पातळी असते. समजा सरासरी २ व्होल्ट. टीव्हीच्या आत पिन आणि ग्राउंड यांच्यात ७५ ओहम असतात, म्हणजे सरळ तार जोडली की २७ मिलिॲम्पिअर सतत वाहणार. बहुतेक टीव्ही हे निमूट सोसतात, म्हणून सरळ तारेवरही पुष्कळांचं चालतं, पण टीआर२ विनाकारण तापतो आणि त्याचा कार्यबिंदू सरकतो. कपॅसिटर हा डीसी अडवतो. अधिक टोक संगणकाकडे का, तर डीसी तिकडे आहे, टीव्हीची बाजू ७५ ओहममधून ग्राउंडला बसलेली.

मूल्याचं गणित सोपं. कपॅसिटर आणि ७५ ओहम मिळून हाय-पास फिल्टर होतो. १० मायक्रोफॅरडला त्याची कटऑफ येते २१२ हर्ट्झ, १०० ला २१ हर्ट्झ, २२० ला ९.६ आणि ४७० ला साधारण ४.५ हर्ट्झ. फील्ड, म्हणजे पडद्याची वरपासून खालपर्यंत एक फेरी, ५० हर्ट्झचं आहे. १० मायक्रोफॅरडने ५० हर्ट्झच कापला जातो: एका फील्डमध्ये वरपासून खालपर्यंत पातळी ढळते, पांढरा पडदा वर उजळ आणि खाली मळकट दिसतो, आणि काळ्या-पांढऱ्या मोठ्या भागांत उडी मारली की सिंक घसरतं. १०० हा काठावरचा आकडा. टीव्ही प्रत्येक रेषेच्या बॅक पोर्चवर (सिंकनंतरचा काळ्या पातळीचा पट्टा) काळी पातळी पुन्हा पकडतो, त्यामुळे उरलेला कल सहसा दिसत नाही. माझी पसंती २२० ला. ४७० ने बिघडत काही नाही, डबीत बसवताना मात्र अडचण होते.

---

जुना_पडदा

जरा आडवळणाने विचारतो. ट्यूनर चालू असलेला जुना सीआरटी टीव्ही हाताशी असेल तर संगणकाला हात न लावता टीव्हीतच व्हिडिओ इनपुट काढलं तर? ट्यूनरनंतर कंपोझिट सिग्नल आत कुठेतरी असतोच.

आणि दुसरं, झेडएक्स८१ चा उल्लेख झाला म्हणून. तिथे बफर लावूनही आधुनिक टीव्हीवर पडदा जवळजवळ काळा दिसतो, अक्षरं असल्याची नुसती शंका येते. ट्रान्झिस्टर दोनदा बदलून फरक नाही. यूएलएवर २सी१८४ई लिहिलंय.

---

डाखकाम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको. यात चर्चेला जागा नाही. जुन्या टीव्हींपैकी अनेकांचं चॅसिस 'लाइव्ह' असतं. म्हणजे आतलं ग्राउंड विजेच्या मुख्य लाइनला रेक्टिफायरमधून थेट जोडलेलं. ॲन्टेनाच्या सॉकेटात वेगळे आयसोलेशन कपॅसिटर असतात म्हणून ॲन्टेना हाताळली तरी झटका बसत नाही. तुम्ही आतून एक तार बाहेर काढून तिचं ग्राउंड स्पेक्ट्रमच्या ग्राउंडला जोडलंत की मागचा एज कनेक्टर, इअर आणि माइकची सॉकेटं, टेप रेकॉर्डर, सगळं मेन्सवर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टो-आयसोलेटेड व्हिडिओ इनपुटशिवाय हे करूच नये. शिवाय पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या घरातला भार प्लग काढल्यावरही टिकून राहतो. नऊ व्होल्टच्या मशीनवर दोन टाके मारणं सोडून तिकडे जायचं कारण नाही.

---

क्रोमा४४३

झेडएक्स८१ चं कोडं यूएलएच्या त्या क्रमांकातच सुटतं. २सी१८४ई बॅक पोर्च देत नाही, नंतरचा २सी२१०ई देतो.

पालच्या (रंगीत टीव्हीची एक पद्धत) एका रेषेत ६४ मायक्रोसेकंद असतात. ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक पल्स, त्याच्या मागे पाऊणेसहा मायक्रोसेकंद काळ्या पातळीवरचा निवांत पट्टा, तो बॅक पोर्च. टीव्ही याच जागी 'काळा म्हणजे किती' हे मोजतो. २सी१८४ई सिंक संपताच उसळी मारून थेट पांढऱ्यावर जातो, कारण झेडएक्स८१ चा पडदा मुळात पांढरा. टीव्ही त्या पांढऱ्यालाच काळा समजतो आणि त्याहून उजळ काही शिल्लकच राहत नाही. म्हणून पडदा अंधारा. जुने टीव्ही काळी पातळी इतकी काटेकोर पकडत नसत, त्यांच्यावर हे खपून जाई.

ट्रान्झिस्टर शंभर वेळा बदलला तरी उपयोग शून्य. बफरच्या बेसवर एक छोटा मोनोस्टेबल लावावा लागतो: सिंकची मागची कडा आली की तो सुरू होतो आणि पाचेक मायक्रोसेकंद व्हिडिओला काळ्या पातळीवर धरून ठेवतो. लक्षात घ्या, काळ्या पातळीवर, शून्यावर नव्हे. शून्यावर ओढला तर टीव्हीला सिंकच लांबलेला दिसतो आणि चित्र आडवं घसरतं. २सी२१०ई असलेल्या मशीनला हे सर्किट लावू नका, गरज नाही.

---

तारयंत्री

काम केलं. २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, अधिक टोक बोर्डाकडे, मॉड्युलेटरची ५ व्होल्टची तार सोडवलेली. चित्र ठाम आहे, अक्षरं आरएफपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण काळं-पांढरं! रंग नाही. मशीन वीस-पंचवीस मिनिटं चालू राहिलं की रंग क्षणभर येतो, जातो, मग काही वेळ टिकतो. तोच स्पेक्ट्रम आरएफवर ॲनालॉग टीव्हीला रंगीत होता, म्हणजे एलएम१८८९एन मेलेला नसावा असा अंदाज.

बेसिकमधून पेपर ० ते ७ चे आठ उभे पट्टे काढले. डावीकडून उजवीकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आठही छटा वेगवेगळ्या आणि क्रमाने दिसतात.

---

क्रोमा४४३

पट्ट्यांची चाचणी उत्तम केलीत. स्पेक्ट्रमचे रंग तेजस्वितेच्या क्रमानेच लावलेले आहेत: काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, निळसर, पिवळा, पांढरा. काळ्या-पांढऱ्यात त्यांची जिन्यासारखी चढण दिसली म्हणजे वाय सुखरूप. दोष फक्त क्रोमाच्या बाजूला.

आधी फुकटचं तपासा. टीव्हीच्या मेनूत रंगपद्धत 'ऑटो' असेल तर ती हाताने पाल करा. स्पेक्ट्रमचं फील्ड इंटरलेस नसलेलं, ३१२ रेषांचं आणि ५०.०८ हर्ट्झचं आहे. काही टीव्ही एवढ्यावरून गोंधळतात आणि भलती पद्धत निवडतात.

त्याने भागलं नाही तर १२ व्होल्ट मोजा. एलएम१८८९एन १२ व्होल्टवर चालतो आणि हे १२ व्होल्ट बोर्डावरच टीआर४, टीआर५ आणि कॉइलच्या कन्व्हर्टरमधून बनतात. मोजायची सोयीची जागा म्हणजे खालची रॅम, आयसी६ ते आयसी१३, ४११६ जातीची. पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, पिन १ वर उणे ५, पिन १६ ग्राउंड. मीटरचं टोक घसरून शेजारच्या पिनेला टेकता कामा नये. १२ व्होल्टची लाइन क्षणभर शॉर्ट झाली तरी टीआर४ जातो, उणे ५ नाहीसे होतात आणि ४११६ चिपा उणे ५ शिवाय १२ व्होल्ट फार वेळ सहन करत नाहीत. रंग शोधताना रॅम घालवून बसाल. टोकाला जवळजवळ शेवटपर्यंत स्लीव्ह चढवा, फक्त एक मिलिमीटर धातू उघडा ठेवा.

---

तारयंत्री

पाल सक्तीने निवडलं, फरक नाही. पिन ८ वर ११.९, पिन ९ वर ५.०२, पिन १ वर उणे ५.०.

---

क्रोमा४४३

मग वीजपुरवठा निर्दोष. तापल्यावर रंग येतो, जुन्या टीव्हीवर कायम येतो, नव्यावर नाही: तिन्ही खुणा एकाच जागी बोट दाखवतात. ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ही वारंवारिता ठरवणारा भाग) सरकला आहे.

पालचा उपवाहक ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ. टीव्हीतला डिकोडर रेषेच्या सुरुवातीच्या बर्स्टवर (उपवाहकाचा छोटा नमुना) आपला ऑसिलेटर कुलूपबंद करतो, पण त्याची पकड काहीशे हर्ट्झपुरतीच. संगणकाचा उपवाहक त्याबाहेर गेला की डिकोडर रंग विझवतो, ज्याला कलर किलर म्हणतात. जुन्या टीव्हीची पकड सैल होती, नव्याची आवळ आहे. मशीन तापतं तसा क्रिस्टल थोडा सरकतो, पकडीच्या काठावर येतो, आणि तुम्ही वर्णन केलेला लपंडाव सुरू होतो.

तुमचं नशीब म्हणजे बोर्ड इश्यू टू आहे. यात दोन्ही क्रिस्टलांजवळ ट्रिमर (पेचकसाने फिरवून जुळवायचे) कपॅसिटर आहेत, शिवाय रंगसमतोलासाठी व्हीआर१ आणि व्हीआर२ हे फिरवता येणारे रेझिस्टर. इश्यू थ्रीपासून ही सोय काढून टाकली, तिथे क्रिस्टल किंवा त्याचा लोड कपॅसिटर बदलत बसावं लागतं.

झाकण उघडं ठेवून मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. पडद्यावर तेच आठ पट्टे. ४.४३ च्या क्रिस्टलजवळचा ट्रिमर प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या पेचकसाने फिरवायचा. धातूचा पेचकस स्वतःच काही पिकोफॅरड आणतो: टेकवला की रंग येतो आणि काढला की जातो, आणि माणूस तासभर त्याच्यामागे धावतो. फिरवण्याआधी ट्रिमरच्या मूळ जागेची पेनाने खूण करा.

एका दिशेला अगदी सावकाश फिरवा. रंग येईल, मग पुढे कुठेतरी पुन्हा जाईल. आला ती जागा आणि गेला ती जागा, दोहोंच्या मधोमध ट्रिमर ठेवा. मग मशीन अर्धा तास बंद ठेवून थंडगार असताना चालू करा. लगेच रंग आला तर काम फत्ते. थंडीत येत नसेल तर किंचित थंडीच्या बाजूला झुकवा.

फ्रीक्वेन्सी काउंटर वापरायचा विचार असेल तर प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नका. प्रोबचं कपॅसिटन्स क्रिस्टलवर बसतं आणि वारंवारिता खाली खेचतं, त्यामुळे काउंटरवर बरोबर आकडा आणि प्रोब काढल्यावर चूक असा प्रकार होतो.

दुसरा, १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलजवळचा ट्रिमर सगळ्यात शेवटी. १४ मेगाहर्ट्झवरून यूएलए पिक्सेलचे ७ मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसरचे ३.५ मेगाहर्ट्झ काढतो. हा क्रिस्टल आणि रंगाचा क्रिस्टल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून रंगांच्या कडांवर ठिपक्यांची ती कुप्रसिद्ध मुंग्यांची रांग चालते. ट्रिमरने तिचा वेग कमी करता येतो, ती नाहीशी होत नाही. १२८के मध्ये पिक्सेल आणि प्रोसेसरचे ठोके १७.७३४४७५ मेगाहर्ट्झवरून काढले, जे उपवाहकाच्या बरोबर चौपट आहेत. तिथे हा प्रश्न मुळातून सोडवला.

---

पंचाहत्तर_ओहम

टीआर२ बाबत मान्य, बोर्डावर मार्ग तपासला, तो बफरच आहे. माझा सल्ला झेडएक्स८१ पुरता धरावा.

एक भर. ट्रिमर खूप जुना असेल तर आधी शेवटपर्यंत गरागरा फिरवू नका. पात्यांमध्ये गंज असेल तर संपर्क उडत उडत येतो आणि रंग लुकलुकतो. थोडं डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा हलवून घ्या, मग जुळणी.

रंगसमतोलही याच बैठकीत उरकून घ्या. बॉर्डर आणि पेपर दोन्ही पांढरे ठेवा. पांढऱ्यात गुलाबी किंवा हिरवी झाक असेल तर व्हीआर१ आणि व्हीआर२ थोडे थोडे फिरवून ती घालवा. एकाच वेळी दोन्ही फिरवू नका, कोणी काय केलं ते कळत नाही.

---

तारयंत्री

ट्रिमर जेमतेम आठवा भाग फिरवला. रंग आला, थंड मशीनवरही चालू करताक्षणी येतो. पांढऱ्यात हलकी गुलाबी झाक होती, व्हीआर२ ने गेली.

मुंग्या मात्र दिसतात, विशेषतः लाल अक्षरं निळ्यावर असली की. एज कनेक्टरवर वाय, यू, व्ही अशी नावं आहेत. ते तीन सरळ कंपोनंट इनपुटला दिले तर?

---

क्रोमा४४३

नावावर जाऊ नका. कंपोनंटला हवे असतात शुद्ध रंगफरकाचे सिग्नल. यूएलएचा व्ही पालच्या नियमाप्रमाणे दर रेषेला उलटलेला असतो आणि यू-व्ही दोन्हींत बर्स्टचा तुकडाही असतो. कंपोनंट इनपुटला दिले तर एकाआड एक रेषा भलत्या रंगाची दिसेल. पातळ्याही जुळत नाहीत. आणि आरजीबी म्हणाल तर ४८के च्या यूएलएला त्या पिनाच नाहीत. १२८के आणि प्लस टू वर आठ पिनांच्या डिन सॉकेटात आरजीबी, सिंक आणि ब्राइट वेगवेगळे मिळतात.

मुंग्या घालवायचा खरा उपाय एस-व्हिडिओ: वाय आणि क्रोमा टीआर२ च्या बेसवर भेटण्याआधीच वेगळे ठेवायचे. आयसी१४ च्या १३ व्या पिनेकडून टीआर२ च्या बेसकडे जाणारी क्रोमाची वाट एका पायावर उचला. आता टीआर२ मधून फक्त वाय बाहेर येईल, तो तुमच्या याच २२० मायक्रोफॅरडमधून जाऊ द्या. क्रोमासाठी मात्र स्वतंत्र बफर लागतो आणि इथे पंचाहत्तर_ओहम यांचा बीसी५४७ कामी येतो: १३ व्या पिनेपासून ०.१ मायक्रोफॅरड, बेसला ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, एमिटरला ग्राउंडकडे ३३० ओहम, तिथून ७५ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत घेऊन सॉकेट. क्रोमाला एवढा छोटा कपॅसिटर चालतो कारण त्यात ५० हर्ट्झ नसतातच, सगळा मामला ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास.

बर्स्ट ३०० मिलिव्होल्ट शिखर-ते-शिखर असावा. स्कोप नसल्याने डोळ्यानेच ठरवावं लागेल. रंग भडक होऊन कडेबाहेर सांडत असतील तर ७५ ओहमच्या जागी मोठा रेझिस्टर लावून पाहा. कमोडोर ६४ वर हेच होतं: तिथला क्रोमा एस-व्हिडिओच्या मानाने तगडा असतो, मालिकेत ३०० ते ३३० ओहम घातले की माणसात येतो. तेही आठ पिनांचं सॉकेट असलेल्या मशीनवर, सुरुवातीच्या पाच पिनांच्या सॉकेटात क्रोमा वेगळा येतच नाही.

---

डाखकाम

हे करायचं झालं तर एक बघा. डबीच्या सॉकेटातून दोन सिग्नल निघणार नाहीत. लोक मग केसला भोक पाडतात. त्याऐवजी शिल्डेड दुहेरी केबल एज कनेक्टरच्या फटीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा आणि सॉकेट केबलच्या टोकाला ठेवा. वाय आणि क्रोमाच्या शिल्ड वेगवेगळ्या ठेवून दोन्ही मॉड्युलेटरच्या डबीवर एकाच बिंदूला डाखा. दोन लांबच्या बिंदूंना जोडल्या तर यूएलएच्या आसपासचा कचरा चित्रात उभ्या फिकट पट्ट्यांसारखा दिसतो. आणि केबल ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या हीटसिंकला टेकू देऊ नका, तो पत्रा इन्सुलेशन मऊ करण्याइतका तापतो.